आधी काटा पडतो

अण्णा, गाडी तापली की विसरते, हे तुमचं म्हणणं खरं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली. गेला महिनाभर मी धड जेवलेली नाही. आयटीआयमध्ये पोरांना शिकवताना खडू हातात तसाच राहतो. आई विचारते, काय झालं गं, तर तिच्यापुढे तोंड उघडत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तुम्ही हे वाचणार नाही, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला आधी सांगायची छाती होत नाही.

माझ्याकडे एक डिझेल गाडी आहे, जुनीच घेतलेली. तुम्ही पाहिली असती तर चारी बाजूंनी फिरून, टायरला हळूच लाथ मारून, "बरी हाय" एवढंच म्हणाला असतात. वैशाखात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे बीडला घेऊन निघाले होते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. वडवणी सोडली, थोडा उतार लागला, आणि समोरच्या मीटरमधला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर पडला. गाडी मात्र पळतच होती. इंजिन बंद झालंय हे मला त्यानंतर कळलं, स्टिअरिंग जड झालं तेव्हा. ब्रेक दगडासारखा लागला. आईला घट्ट धर म्हणत, ब्रेकवर उभी राहिल्यासारखी होऊन, मी कशीबशी गाडी कडेच्या लिंबाखाली घेतली. आई म्हणाली, डिझेल संपलं का? भर उन्हात अंगावर सरसरून काटा आला होता. "आधी काटा पडतोय, मग इंजिन" हे तुमचं बोलणं तुमच्याच आवाजात कानात वाजलं होतं, जे मी इतकी वर्षं कुठेतरी तळाशी दाबून ठेवलं होतं. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली.

माजलगावच्या गॅरेजवाल्याने डिझेलचा फिल्टर बदलला, पाइप तपासले, चक्कर मारून आणली आणि ठणठणीत आहे म्हणाला. त्याच्यापाशी ती बंदच पडेना. चौथ्या दिवशी दुपारी आपल्या दिंद्रुडच्या वेशीत पुन्हा तेच. मग मी तो कोड वाचायचा रीडर मागवला. तुमच्या वेळी असली यंत्रं फक्त शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात असायची, तीही ट्रंकेएवढी. आता काडेपेटीहून जरासं मोठं डबडं येतं. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, एक सोळा पिनांची जागा असते. तिथे ते खोचायचं, किल्ली निम्मी फिरवायची, आणि गाडी आपल्या तक्रारी मोबाइलवर मांडते. अंगणात दार उघडं टाकून, एक पाय बाहेर सोडून मी बसले होते. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. पडद्यावर एकच कोड आला. इंजिनाचा मुख्य दांडा, आपला क्रँक, कसा फिरतोय हे सांगणारा एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा. तो मधूनच गप्प होतोय, एवढंच त्या कोडचं म्हणणं. तो गप्प झाला की गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय का थांबलंय याचा पत्ताच लागत नाही, आणि तो डिझेल तोडून टाकतो.

मी पोरांना नेहमी सांगते, कोड म्हणजे निकाल नव्हे, ती नुसती तक्रार आहे. तक्रार आली म्हणून लगेच कुणाला गुन्हेगार ठरवू नका, आधी वायर बघा, जोड बघा. तसं सगळं बघितलं. जोड घट्ट होता, वायर धड होती. मग कोड पुसला आणि सकाळच्या गारव्यात तासभर गाडी फिरवली. काही नाही. दुपारी पुन्हा काढली, रीडर तसाच खोचलेला, मोबाइल सगळं नोंदवत होता. येताना घराच्या वळणावरच ती बंद पडली. शेजाऱ्यांनी ढकलत अंगणात आणून दिली. किल्ली मारली तर इंजिन गरगर फिरतंय पण चालू होत नाही, आणि मीटरचा काटा जागचा हलत नाही. मोबाइल उघडला. कोड परत आला होता, तोच. त्याखाली नोंद होती, गाडीचा वेग बेचाळीस आणि त्याच क्षणी इंजिनाचे फेरे शून्य. पळत्या गाडीत, गिअर पडलेला असताना, इंजिनाचे फेरे शून्य कसे असतील? मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. ती विसरली होती, अण्णा. आपण फिरतोय हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं.

पुढचं मी विचार करून केलं नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बादलीत बुचकळला, गाडीच्या पोटात हात घातला आणि इंजिन नि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथल्या त्या सेन्सरवर दाबून धरला. चर्र झालं, मनगटाला वाफ लागली. दोनदा, तीनदा बुचकळून ठेवला. किल्ली मारली आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली. ओट्यावरून आई म्हणाली, "हे तर तुझे अण्णा करायचे. गाडीला ताप आलाय म्हणायचे." शेंगांचं सूप मांडीवर घेऊन ती हसत होती. मी बादलीशेजारी बसले ती किती वेळ उठलेच नाही. गाडी आपली चालूच होती.

चौदा वर्षांपूर्वीचा वैशाख. माजलगाव रस्त्याला तुमचं पत्र्याचं शेड, पुढे बाभळीची तुटपुंजी सावली. उमापूरचे मालक सासुरवाडीला दिंद्रुडला आलेले आहेत. मोठी शेती, पुढाऱ्यांत ऊठबस, पांढरी ऐसपैस गाडी, आणि बरोबर त्यांची म्हातारी आई. येताना गाडी वाटेत दोनदा बंद पडली म्हणून ती तुमच्या शेडपुढं उभी केलेली आहे. तुम्ही दोन दिवस ती गाडी ऐकताय. ऐकताय असंच म्हणावं लागेल, कारण लांब पेचकस इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही तुमची रीत. मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आलेली. पेचकस कानाला लावून उभा असलेला बाप रस्त्याने जाणाऱ्यांना दिसतोय, याची मला लाज वाटतेय. आणि हेही लिहायला हवं की तुमचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. चहात दोनदा साखर पडायची, मला आत्याच्या नावानं हाक जायची. एका जीपच्या रेडिएटरचं झाकण शेडमध्येच राहिलं आणि ती तेलगावच्या अलीकडे उकळली, ते सगळ्या बाजाराला माहीत होतं.

मालकांना गाडी द्यायच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, तुम्ही मला म्हणालात, चल, चक्कर मारून येऊ. आपण दोघंच. रस्ता मोकळा होता. तुम्ही म्हणालात, "काट्याकडं बघ. आधी काटा पडतोय, मग इंजिन. तापली की इसरती ही." माझ्या मांडीवर वही होती. थोड्या वेळाने गाडी बंद झाली. ती कडेला घेत तुम्ही विचारलंत, "दिसलं का?" मी म्हणाले, "काय?" माझं लक्ष वहीत होतं, असंच मी आजवर ज्याला त्याला सांगत आले. तुम्ही उतरलात, गोणपाटाचा तुकडा कॅनमधल्या पाण्यात भिजवलात, गाडीखाली सरपटलात. दहा मिनिटांनी गाडी चालू. परत येताना तुम्ही खुशीत होतात. आजार सापडला होता, औषध तुमच्यापाशी नव्हतं, आणि ते नाही म्हणायला तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही.

मालकांना तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं. ते माझ्या समोर झालंय. थंड आहे तोवर ती चांगली, तापली की विसरती, लांब नेऊ नका, शहरात मशीन लावून बघा, आणि वाटेत बंद पडलीच तर ओली पट्टी ठेवून चहा होईस्तोवर थांबा. मालक हसले. म्हणाले, मिस्त्री, ही गाडी हाय का माझी म्हातारी? दुसऱ्या दिवशी ते आईला आणि घरच्यांना घेऊन निघाले. घरी जायच्या आधी नारायणगडाला दर्शन घ्यायचं होतं. दर्शन झालं, आणि उतरताना गाडी बंद पडली. स्टिअरिंग वळेना, ब्रेक लागेना, गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. बाकी सगळ्यांना खरचटलं, म्हातारीचा खुबा मोडला.

चौथ्या दिवशी मालक चार माणसं घेऊन शेडवर आले. बाजाराचा दिवस, बघता बघता गर्दी जमली. गाडीत काय करून ठेवलंत, असं त्यांनी विचारलं. तुम्ही हातातला बोळा न सोडता म्हणालात, काही करून ठेवलं नाही, मी सांगितलं होतं, ती तापली की इसरती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "गाडी इसरती का तू इसरला बे, पाइप कसायचा?" आणि जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. मालक हसले नाहीत. त्यांची आई दवाखान्यात होती. ते माझ्याकडे वळले. मी शेडच्या दाराला टेकून उभी होते, नव्या पंजाबी ड्रेसमध्ये, मिस्त्रीची शिकलेली पोरगी.

"ताई, तुमी शिकलेल्या हाव," ते म्हणाले. "तुमीच सांगा. गाडी इसरती का?"

आणि मी म्हणाले, "नाही. गाडी विसरत नसते." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, माझ्या शिक्षणाकडे बघत होते, आणि मला वाटलं आपण आणखी काहीतरी बोलावं. "अण्णांच्याच आजकाल ध्यानात राहत नाही," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत, पोराने पाढा बरोबर म्हटल्यावर हलवतात तशी. मग हात पुसत आत गेलात. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही आईकडे भाकरी मागितलीत, मिरचीचा ठेचा मागितलात, मला एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटलं, खरंच डिझेलचा पाइप आवळायचा राहिला असणार, म्हणून तर गप्प आहेत. तुमच्या गप्प बसण्यालाच मी कबुली समजले. त्या दिवसापासून बाजारात तुमचं नाव इसरते मिस्त्री पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. गाड्या येईनाशा झाल्या. दिवाळीच्या सुमारास तुम्ही शेडला कुलूप घातलंत आणि ओट्यावर बसायला लागलात.

पुढच्या वर्षी मला आयटीआयमध्ये जागा मिळाली. रुजू व्हायच्या सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. मला वाटलं पेन असेल, पण लांबी जास्त होती. तुमचा तो पेचकस होता, मूठ घासून चकचकीत केलेली. मी म्हणाले, अण्णा, तिथं असलं काही लागत नाही, तिथं मीटर असतात. तुम्ही म्हणालात, राहू दे. तो स्वयंपाकघरातच राहिला. गेली तेरा वर्षं आई त्याने गुळाच्या डब्याचं झाकण उचकटते. त्याच महिन्यात तुम्ही एकदा ओट्यावर मला विचारलंत, वर्गात एखादं पोरगं चुकलं तर सगळ्यांसमोर सांगतेस का? मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, छे, बाजूला घेऊन सांगते, नाहीतर ते पुन्हा उत्तरच देत नाही. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "बाजूला घेऊन तरी कशाला सांगायचं? त्याचं त्याला कळंस्तवर थांबावं." मी म्हणाले, तोवर वर्ष संपतं, अण्णा. तुम्ही हसलात. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं.

तर गाडी अंगणात, सेन्सर अजून बदललेला नाही, आणि मी रविवारी एसटीने उमापूरला गेले. मालकांना दाखवायचं होतं. मोबाइलमध्ये तो कोड, ते फेरे, तो वेग, सगळं घेऊन गेले होते. वाटेत मनातल्या मनात भाषण तयार केलं, की एका माणसाचं नाव तुम्ही मातीत घातलंत, आता वाचा हे. माझाही त्यात हात होता हे त्या भाषणात शेवटी, घाईघाईत येत होतं. मालक आता थकलेत. पडवीत खाटेवर बसून होते, काठी शेजारी. त्यांची आई त्यानंतर पाच वर्षं जगली, अंथरुणावरच. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं, सुनेला पाणी आणायला लावलं. मी मोबाइल पुढे केला आणि सांगत सुटले. त्यांनी पडद्याकडे नीट बघितलंही नाही.

"मला ठावं हाय, लेकी," ते म्हणाले. "पंधरा दिसांतच कळलं हुतं."

शहरातल्या वर्कशॉपात मशीन लावलं होतं. हाच कोड निघाला होता. अंगठ्याएवढं काहीतरी बदललं आणि ती गाडी त्यांनी पुढे सहा वर्षं चालवली, एकदाही बंद पडली नाही. हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला. मी आयटीआयमध्ये ज्या भाषेत बोलते ती पार विसरले आणि तोंडातून निघालं, "मंग कावून न्हाई सांगितलं कुणाला?"

ते म्हणाले, "सांगाया आलतो की. मिस्त्रीच्या घरी आलतो, तू बीडला गेलतीस तवा. म्या म्हणलं, चौकात चार माणसांत सांगतो, चूक माझी हाय. तर मिस्त्रीनं हात जोडले. म्हणले, मालक, पोरगी सगळ्यांम्होरं बोललीय, तिला खोटं पाडू नका. तिची नोकरी लागायचीय अजून, उद्या लोक म्हणतेल हिला काय येतंय. मला इसरता म्हणतेत, म्हणू द्या. तसं बी इसरतोयच की."

अण्णा, मी तिथे रडले नाही. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी उगाच वाचत होते. मग एकदम संताप आला. मी मालकांना म्हणाले, यात तुमची पण सोय झाली. मिस्त्रीनं थांबवलं म्हणून तुम्ही गप्प बसलात, पण तुम्हालाही गप्पच बसायचं होतं. वाटलं होतं, चिडतील, उठून जा म्हणतील. त्यांनी काठीकडे बघत मान हलवली आणि म्हणाले, "झाली सोय."

परतीच्या एसटीत मी ती तीन वर्षं पुन्हा जगले, तुमची शेवटची तीन वर्षं. म्हणजे तुम्हाला तेव्हापासून सगळं ठाऊक होतं. शेडला कुलूप घालताना ठाऊक होतं. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं "काय इसरते मिस्त्री" ऐकताना ठाऊक होतं. मी रोज तुमच्या शेजारी पाटावर बसून जेवत होते, आणि तुम्ही मीठ दोनदा घातलंत की आईला डोळ्याने खुणावत होते. पाहुण्यांसमोर तुमचं वाक्य मीच पुरं करायची. डॉक्टरांना मीच सांगितलं, हे फार विसरतात, फार वर्षांपासून, गाड्यांमध्येसुद्धा चुका व्हायला लागल्या होत्या. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून त्यावरही मान हलवली होतीत. तशीच, पाढा बरोबर आला की हलवतात तशी. तुम्ही बरंच काही विसरलात, अण्णा. आत्या गेली हे विसरायचात, जेवण झालं हे विसरायचात. पण मला खोटं पाडायचं नाही हे शेवटपर्यंत एकदाही विसरला नाहीत. हे मला सहनच होत नाहीये. तुम्ही एकदा तरी चिडून बोलला असतात तर मी आज कुठेतरी टेकले असते.

दिंद्रुडला उतरले तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने हाक मारली. माझ्या रीडरची बातमी तोवर पसरली होती. हल्ली रविवारी दोन-तीन गाड्या आमच्या अंगणात येऊन उभ्या राहतात, मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय, जरा बघा म्हणतात, आणि मी बघून देते. हॉटेलवाला शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, ह्यांना दाखवा गाडी, ह्यांच्याकडं मशीन हाय. आणि मग ओळख पटावी म्हणून सहज, काही वाईट मनात न ठेवता, पुढे म्हणाला, "इसरत्या मिस्त्रीची पोरगी." तो माणूस आदराने हसला. तुमचं खरं नाव त्या स्टँडवर आता कुणालाच माहीत नसावं. मी पण हसले आणि घरी आले. तिथल्या तिथे, त्या दोघांना सांगता आलं असतं. मी कपभर चहासुद्धा न घेता निघून आले.

निघताना मालक म्हणाले होते, दिवस सांग. मी दिंद्रुडला येतो. जिथं विचारलं होतं तिथंच उभा राहतो, बाजाराच्या दिवशी, आणि मिस्त्री खरे होते असं सांगतो. आता मला कुणाचं भ्या हाय? मी म्हणाले, कळवते. याला तीन आठवडे झाले. परवा त्यांच्या सुनेचा फोन आला होता, मामंजी विचारतात कधी यायचं. मी म्हणाले, आयटीआयमध्ये परीक्षा आहेत, नंतर बघू. परीक्षा अजून दोन महिने लांब आहेत. त्यांची तब्येत बरी नाही, हे तिने आपणहून सांगितलं.

आईला यातलं अर्धंच सांगितलं आहे. सेन्सर बिघडला होता, अण्णांचं बरोबर होतं, एवढं. ती म्हणाली, मग त्यात काय, त्यांचं बरोबरच असायचं. आणि गुळाच्या डब्यापाशी गेली. तिचं झाकण उचकटून झाल्यावर मी तो पेचकस घेतला, अंगणात गेले, गाडी चालू केली आणि तुम्ही करायचात तसा इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. मला काहीसुद्धा ओळखू आलं नाही. नुसता आवाज, सगळा एकत्र. तुम्हाला त्यातून एकेक वेगळं कसं ऐकू यायचं, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. डोळे मिटून मी तशीच उभी राहिले. रस्त्याने जाणाऱ्या दोन बाया थांबून बघत होत्या, आणि या खेपेला मी पेचकस खाली घेतला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी घालून त्या पेचकसाखाली, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवीन. आईला वाचता येत नाही, म्हणून तिथे ठेवायचं धाडस होतंय, हे पण खरंच. मालकांना दिवस का सांगत नाही, ते मात्र तुम्हाला सांगून टाकते. ते भर बाजारात उभे राहून म्हणतील, मिस्त्री खरे होते. लोक माझ्याकडे बघतील. तेवढं मी सोसेन. तेव्हा शिकाऊ होते, पुस्तकात नव्हतं, चुकले, असं म्हणता येईल, आणि लोक बिचारी म्हणून सोडूनही देतील. पण मी चुकले नव्हते. परीक्षा होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते, अण्णा. मांडीवरच्या वहीत बघण्यासारखं काही नव्हतं. गाडी पळत होती आणि काटा शून्यावर पडलेला होता. मला वाटलं, मीटर लूज असेल. मग वाटलं, यांचं खरं असेल तर मी तीन वर्षं काय शिकले? म्हणून मी "काय?" म्हणाले. तुम्ही विचारलं होतंत, दिसलं का. दिसलं होतं.